थोडक्यात हुकलं

पिंजऱ्याच्या भिंतीत ओळीनं तीन भोकं, प्रत्येक भोकात एक बारकासा दिवा. उंदीर दांडी दाबतो, मग एकेका भोकात नाक खुपसतो. पहिला दिवा लागतो. दुसराही लागतो. तिसरा लुकलुकतो आणि विझतो. आता त्याच्यापुढे दोन दांड्या आहेत. तिन्ही दिवे लागले असतील तर एक दांडी दाबायची, साखरेच्या दहा गोळ्या मिळतात. पण एखादा जरी दिवा विझलेला असेल आणि तीच दांडी दाबली, तर गोळ्या नाहीतच, वर दहा सेकंद खेळ बंद. अशा वेळी दुसरी दांडी दाबावी आणि नवा डाव मांडावा, हे शहाणपण. कित्येक आठवडे शिकवलेल्या उंदराला हे नियम पाठ असतात. एकही दिवा लागला नाही तर तो गोळ्यांच्या दांडीकडे सहसा फिरकत नाही. पण तीनातले दोन लागले, की त्याला राहवत नाही. तो वारंवार गोळ्यांचीच दांडी दाबतो आणि शिक्षेचे दहा सेकंद भोगतो.

कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कॅथरिन विन्स्टनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांसाठी बांधलेलं हे जुगाराचं यंत्र. त्यावरचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. मेंदूत डोपामीन या रसायनासारखंच काम करणारं एक औषध टोचल्यावर उंदरांची ही चूक आणखी वाढली, असंही त्यात होतं. तीनातले दोन दिवे म्हणजे नियमाप्रमाणे हार, शून्य दिव्यांइतकीच शुद्ध हार. पण उंदराच्या लेखी ती अर्धीअधिक जीत असते. मराठीत या अवस्थेला तयार शब्दप्रयोग आहे: थोडक्यात हुकलं. कॅरमची सोंगटी भोकाच्या ओठावर येऊन थांबते तेव्हा तो तोंडून आपसूक निघतो.

या ‘थोडक्या’चा इतिहास दोन ठिकाणी घडला. एक धंद्यात, दुसरा प्रयोगशाळेत. बरीच वर्षं या दोघांना एकमेकांची फारशी खबर नव्हती, आणि धंदा बहुतेक वेळा पुढे होता.

धंद्याची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोतली. चार्ल्स फे हा बव्हेरियातून आलेला कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यानं ‘लिबर्टी बेल’ नावाची लोखंडी पेटी बनवली. आत तीन चाकं, प्रत्येक चाकावर दहा थांबे. नाल, बदाम, चौकट, इस्पिक अशी चित्रं आणि सगळ्यांत मानाची घंटा. पाच सेंटचं नाणं टाकायचं, बाजूचा दांडा ओढायचा. तीन घंटा ओळीत आल्या तर दहा नाणी परत. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे एकूण हजार जुळण्या. हिशोब साधा होता आणि तो फे याच्या बाजूचा होता. दारूच्या गुत्त्यांत तो या पेट्या ठेवी आणि मिळकत गुत्तेवाल्याशी वाटून घेई. पुढे शिकागोच्या मिल्स कंपनीनं हाच धंदा मोठ्या प्रमाणावर उभा केला. पत्त्यांच्या चित्रांची जागा चेरी, लिंबू, आलुबुखार यांनी घेतली आणि लोकांनी त्या यंत्राचं नाव एकहाती दरोडेखोर असं ठेवलं.

या पेटीतली खरी करामत घंटेत नव्हती. तीन चाकं एकदम थांबत नसत, डावीकडून उजवीकडे एकामागून एक थांबत. पहिलं थांबलं, घंटा. दुसरं थांबलं, घंटा. तिसरं अजून फिरतंय. ती एवढीशी घटका कारागिराच्या हातून मुद्दाम झाली की यंत्राच्या घडणीतून आपोआप, याला महत्त्व नाही. तिच्यामुळे एका हारेचे दोन प्रकार झाले: सपशेल हार आणि थोडक्यात हार. नंतरच्या यंत्रांची काच मोठी झाली, मधल्या ओळीच्या वरची आणि खालची ओळही दिसू लागली. मग घंटा एका घरानं वर गेली, एका घरानं खाली राहिली, हेही खेळणाऱ्याला डोळ्यांनी दिसायला लागलं. गल्ल्यातली नाणी मोजणाऱ्या मालकांना याचा उपयोग कळायला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज पडली नाही.

प्रयोगशाळेतली पहिली महत्त्वाची गोष्ट घडली ती शास्त्रज्ञाच्या कंटाळ्यातून. बी. एफ. स्किनर तेव्हा उंदरांना दांडी दाबायला शिकवत होता. दर दाबण्याला खाद्याची एक गोळी. त्या गोळ्या विकत मिळत नसत, औषधाच्या गोळ्या वळायच्या साच्यावर त्या स्वतःच वळाव्या लागत. एका शनिवारी दुपारी त्यानं साठा मोजला आणि त्याच्या लक्षात आलं की सोमवारपर्यंत पुरायच्या तर उरलेली सगळी दुपार गोळ्या वळण्यात जाणार. त्यापेक्षा दर मिनिटाला एकच गोळी द्यावी, मधली दाबणी फुकट जाऊ द्यावीत, असं त्यानं ठरवलं. उंदीर दांडी सोडतील अशी भीती होती. ते दाबतच राहिले. हा किस्सा त्यानं स्वतः १९५६ साली लिहून ठेवला आहे.

पुढे कबुतरांवर त्यानं आणि चार्ल्स फर्स्टर यानं बक्षिसाच्या वेळापत्रकांचे डझनावारी प्रकार करून पाहिले आणि १९५७ साली त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. सगळ्यांत चिवट ठरलं ते बेभरवशाचं वेळापत्रक. कधी पाचव्या टोचणीला दाणा, कधी पन्नासाव्या, कधी लागोपाठ दोनदा. अशी सवय लागलेलं कबुतर विसावा न घेता टोचत राहतं आणि दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. स्लॉट मशिनचंही असंच असतं, हे स्किनरनं स्पष्ट लिहिलं. त्याहून मोलाची गोष्ट त्याच्या १९५३ च्या पुस्तकात जाता जाता येते. मोठं बक्षीस अगदी थोडक्यात हुकलं तर माणूस पुन्हा खेळण्याची शक्यता वाढते आणि या प्रोत्साहनासाठी यंत्राच्या मालकाला एक पैसाही मोजावा लागत नाही, असं तो म्हणतो. एवढंच एक वाक्य. त्याच्यावर प्रयोग करायचं त्याला सुचलं नाही, किंवा तितकं महत्त्वाचं वाटलं नाही. स्किनरला तसंही कबुतराच्या डोक्यात काय चाललंय याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्याला टोचण्या मोजायच्या होत्या.

डोक्याच्या आत शिरले ते जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर, आणि तेही चुकून. १९५३ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवत होते. तार जायची होती एका ठिकाणी, गेली भलतीकडे. टेबलाच्या एका कोपऱ्यात उंदीर गेला की तारेतून विजेचा हलका झटका द्यायचा, असा तो प्रयोग. उंदरानं तो कोपरा टाळायला हवा होता. तो उलट पुन्हा पुन्हा तिथंच यायला लागला. मग दोघांनी दांडीच उंदराच्या हाती दिली: दाब आणि झटका घे. तासाला शेकड्यांनी दाबणारे उंदीर निघाले, पुढच्या प्रयोगांत हजारांनी. मेंदूतलं ‘सुखाचं केंद्र’ सापडलं, असा बोभाटा झाला. पुढची तीसेक वर्षं या केंद्राशी आणि तिथं काम करणाऱ्या डोपामीनशी ‘सुख’ हा शब्द चिकटून राहिला. घरोघरच्या व्हॉट्सॲपवर तो आजही चिकटलेला आहे.

हे चाललं असताना मुंबईत, कुठल्याही विद्यापीठाच्या मदतीशिवाय, थोडक्यात हुकण्याची एक फार मोठी यंत्रणा उभी राहत होती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडताना आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैज लागे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले. भाव गेले, पैज लावणारे राहिले. १९६२ साली कच्छकडच्या कल्याणजी भगतनं वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ साली, फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्रीनं नियम थोडे बदलून न्यू वरळी मटका काढला. सुरुवातीला चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढत, तेच नाव धंद्याला पडलं. पुढे मडकं गेलं, पत्त्यांचा जोड आला.

रीत अशी. तीन पत्ते काढायचे. समजा तिऱ्या, छक्का आणि अठ्ठ्या निघाला. बेरीज सतरा, त्यातला शेवटचा सात. हा झाला ओपन. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते, पुन्हा बेरीज, पुन्हा शेवटचा आकडा. हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी. कापसाच्या बाजाराचे उघडते आणि बंद भाव असे मटक्यात नावापुरते जिवंत राहिले. गिरणीच्या पाळीवर जाणाऱ्या माणसानं टपरीवर चार आणे, आठ आणे ‘चौऱ्याहत्तर’वर लावले असतील आणि ओपनला सात फुटला असेल, तर मधले तास त्याचे कसे जात असतील याची कल्पना करता येते. फेच्या पेटीत तिसरं चाक थांबायला काही क्षण लागत. इथे दुसरा आकडा यायला अर्धी रात्र जाई, आणि तेवढ्या वेळात क्लोजवर वेगळे पैसे लावायची सोयही होती.

याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. शून्य ते नऊ हे आकडे सारख्याच शक्यतेनं येतात असं धरलं, तर शंभर जोड्यांत एक जोडी पूर्ण लागते. पण ओपन बरोबर आणि क्लोज चूक अशा नऊ, ओपन चूक आणि क्लोज बरोबर अशा आणखी नऊ. म्हणजे एका जिंकण्यामागे अर्धवट जिंकल्याचे अठरा अनुभव. ‘चौऱ्याहत्तर लावला, पंच्याहत्तर आला’ असं कपाळाला हात लावून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी या अठरांतल्याच. जोडीला साधारण नव्वदपट देऊन बुकी दहा टक्के स्वतःकडे ठेवी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अठरांचा हिशोब मात्र कुणी विचारला नाही. आकड्यांचे तक्ते भिंतीवर लावून ‘चाल’ शोधणारे लोक हुकलेल्या आकड्याकडे पुरावा म्हणून बघत: जवळ आलोय, म्हणजे वाट बरोबर आहे.

ही समजूत वेडगळ नाही, फक्त ती भलत्या जागी वापरली जाते. कॅरममध्ये सोंगटी ओठावर थांबली तर नेम जवळजवळ बरोबर होता, पुढच्या वेळी जराशी दुरुस्ती पुरे. गोट्या, धनुर्विद्या, भाकरी थापणं, कशातही हेच. कौशल्याच्या कामात थोडक्यात हुकणं ही खरी माहिती असते, आणि तिच्यामुळे उत्साह वाढावा हे चांगलंच. पत्त्याला मात्र काल आपण किती जवळ होतो याची आठवण नसते.

मेंदू असा का फसतो, हे कळायला वानरांची मदत लागली. स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्झ पार्किन्सनच्या आजारावर काम करत होते. त्या आजारात डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि हालचाली अडतात. म्हणून जिवंत वानराच्या मेंदूत केसासारखी तार घालून त्या पेशी हालचालीच्या वेळी काय करतात हे ऐकायचं, असा बेत. पेशींना हालचालीत फारसा रस दिसला नाही. त्यांना रस होता फळांच्या रसात. वानराच्या तोंडात अवचित थेंब पडला की त्या तडतडत. इथपर्यंत ‘सुखाचं केंद्र’ म्हणणाऱ्यांना बरं वाटलं असतं. पण रसाच्या आधी दर वेळी एक दिवा लावायला सुरुवात केल्यावर काही दिवसांत चमत्कारिक गोष्ट घडली. पेशी दिवा लागल्यावर तडतडू लागल्या आणि रस आल्यावर गप्प. रस तोच, थेंब तेवढाच, वानर तो आवडीनं पिणारच. तरी पेशी ढिम्म. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी पेशींचा नेहमीचा मंद ठोकाही थांबे.

१९९७ साली शुल्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’मध्ये याचा अर्थ मांडला. या पेशी सुख मोजत नाहीत, फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर जोरात, अपेक्षेइतकं मिळालं तर गप्प, कमी मिळालं तर बंद. यंत्राला चुकांवरून शिकवण्यासाठी संगणकवाल्यांनी आधीच एक गणित बसवलेलं होतं. मेंदूतल्या पेशी जवळपास तेच गणित करत होत्या. २००३ साली शुल्झ यांच्या गटानं आणखी एक पायरी गाठली. रस येण्याची खात्री असेल किंवा न येण्याची खात्री असेल, तर दिवा आणि रस यांच्या मधल्या काळात पेशी शांत. येईल की नाही हे सांगता येत नसेल तर त्या मधल्या काळात त्यांचा आवाज हळूहळू चढत जातो, आणि तो सगळ्यांत जास्त चढतो शक्यता अर्धी-अर्धी असते तेव्हा. ओपन फुटल्यापासून क्लोजपर्यंतचे तास आठवावेत.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी याच कोड्याची दुसरी बाजू उघड केली. उंदरांच्या मेंदूतलं जवळजवळ सगळं डोपामीन त्यांनी नष्ट केलं. असा उंदीर अन्नाच्या ढिगाशेजारी उपाशी मरेल, तोंड वळवून खाणार नाही. पण साखरेचं पाणी तोंडात घातलं तर पूर्वीसारखाच मिटक्या मारतो. गोड त्याला गोडच लागतं. फक्त त्याच्याकडे जाण्याची ओढ संपलेली असते. इंग्रजीत बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांना यासाठी दोन नेहमीच्या शब्दांना अवतरणचिन्हं लावून नवे अर्थ द्यावे लागले. मराठीला ती खटपट करावी लागली नसती. आवड वेगळी आणि नाद वेगळा, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. नाद लागलेल्या माणसाला ती गोष्ट आवडतेच असं नाही, हे त्याच्या घरच्यांनी तर प्रयोगाशिवाय पाहिलेलं असतं.

या सगळ्या वर्षांत नेवाडातले यंत्रवाले स्वस्थ बसले नव्हते. लोखंडी चाकांची त्यांची अडचण साधी होती. मोठं बक्षीस द्यायचं तर ते क्वचितच लागायला हवं. त्यासाठी चाकावर जास्त चित्रं हवीत. म्हणजे चाक मोठं हवं. आणि मोठं चाक पाहून गिऱ्हाईक ओळखतं की इथे काही लागणार नाही. इंगे टेल्नेस या नॉर्वेजियन वंशाच्या गणितज्ञानं यातून वाट काढली. त्याचं पेटंट १९८४ चं. समोर दिसणारं चाक पूर्वीएवढंच, बावीस थांब्यांचं. पण ते कुठे थांबायचं हे ठरवतो आतला संगणक, आणि त्याच्याकडे असतं एक अदृश्य चाक, चौसष्ट किंवा त्याहून जास्त थांब्यांचं. अदृश्य चाकावरचे बरेच थांबे दिसणाऱ्या चाकावरच्या एकाच रिकाम्या घराला जोडता येतात. बक्षिसाच्या चित्राला मात्र एकच. डोळ्यांना वाटतं, तीन चाकं, बावीस थांबे, म्हणजे १०,६४८ मध्ये एकदा तरी लागेल. खरा आकडा चौसष्ट थांब्यांना २,६२,१४४ मध्ये एकदा. प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त संधी आहे असं वाटायला लावणारं यंत्र बनवणं महत्त्वाचं, हे त्या पेटंटच्या मजकुरात सरळ लिहिलेलं आहे. कशाला लपवा?

आता जास्तीत जास्त अदृश्य थांबे कुठल्या रिकाम्या घरांना जोडायचे, हे यंत्रवाल्याच्या हाती. त्यानं ते बक्षिसाच्या चित्राला खेटून असलेल्या, वरच्या आणि खालच्या घरांना जोडले. चाक त्या घरांवर पुन्हा पुन्हा थांबतं, आणि काचेतून दिसतं की मोठं बक्षीस केसभर वर गेलं, केसभर खाली राहिलं. फेच्या काळात जे योगायोगानं घडे ते आता ठरवून, हव्या त्या प्रमाणात घडवता येऊ लागलं.

युनिव्हर्सल या जपानी कंपनीनं तर पुढचं पाऊल टाकलं. तिच्या यंत्रात हार आधी ठरे आणि मग ती दाखवताना, सपशेल हारेऐवजी ऐन ओळीतच थोडक्यात हुकल्याचं चित्र निवडलं जाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हे प्रकरण नेवाडाच्या जुगार आयोगापुढे आलं आणि कंपनीला यंत्रातली आज्ञावली बदलावी लागली. निकाल एकदा ठरल्यावर तो दाखवताना यंत्रानं दुसरा निर्णय घेऊ नये, असं तत्त्व ठरलं. टेल्नेसच्या पद्धतीत दुसरा निर्णय नसतोच; जे काही आहे ते आधीच जोडून ठेवलेलं. त्यामुळे ओळीतला खोटेपणा निषिद्ध झाला आणि ओळीच्या वरखालचा चालू राहिला. कायद्याच्या दृष्टीनं हे चोख असेल, पण उंदराच्या दृष्टीनं दोन दिवे ते दोनच दिवे.

भारतात ही यंत्रं कायदेशीरपणे आली ती गोव्यात. १९७६ च्या तिथल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांना स्लॉट मशिन ठेवायची मुभा मिळाली. १९९६ साली जहाजांवरच्या टेबलांनाही. मांडवीत नांगरलेल्या झगमगत्या बोटींची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे.

स्किनरच्या त्या एका वाक्याचा मेंदूतला पुरावा मिळायला पन्नासहून अधिक वर्षं गेली. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क या मेंदूवैज्ञानिकानं मुद्दाम साधं यंत्र बनवलं. संगणकाच्या पडद्यावर दोन चाकं, प्रत्येकावर तीच सहा चित्रं. डाव्या चाकावरचं चित्र कधी खेळणारा निवडतो, कधी संगणक. मग उजवं चाक फिरतं. तेच चित्र आलं तर पन्नास पेन्स. एक घर आधी किंवा एक घर नंतर थांबलं तर थोडक्यात हुकलं. त्याहून लांब, तर सपशेल. स्कॅनरच्या नळीत उताणं झोपून माणसं हा खेळ खेळली.

२००९ साली ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना सपशेल हुकलेल्या डावापेक्षा अधिक अप्रिय वाटत होता. त्यांनीच तसे गुण दिले होते. तरी चित्र त्यांनी स्वतः निवडलेलं असेल, तर त्याच डावानंतर पुन्हा खेळायची इच्छा वाढत होती. नकोसं वाटणं आणि हवंसं होणं एकाच क्षणी! बेरिज यांच्या उंदरांना हे ओळखीचं वाटलं असतं. आणि स्कॅनमध्ये जिंकल्यावर मेंदूचे जे भाग उजळत, त्यांतले काही थोडक्यात हुकल्यावरही उजळत होते: अपेक्षेशी गाठ असलेला तळाचा स्ट्रायटम आणि शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारा इन्सुला. पैसे मात्र एक पेनीही मिळाले नव्हते. पुढच्याच वर्षी क्लार्क आणि हेन्री चेस यांनी नेहमी जुगार खेळणाऱ्यांवर हाच प्रयोग केला. जुगाराचा विळखा जितका घट्ट, तितका मध्यमेंदूचा, म्हणजे जिथे डोपामीनच्या पेशी असतात त्या भागाचा, प्रतिसाद जोरकस निघाला.

‘स्वतः निवडलेलं असेल तर’ ही अट सहज नजरेतून सुटते, पण ती धंद्याच्या गाभ्यातली आहे. मटक्याचा आकडा माणूस स्वतः लावतो. स्वप्नात दिसलेला, बसच्या तिकिटावरचा, पोराच्या जन्मतारखेचा. यंत्राचा दांडा स्वतः ओढतो. पुढे दांड्याचं बटण झालं तरी ते दाबायचं त्यानंच. कौशल्याचा एवढासा भास मेंदूला पुरतो.

इथे एक पथ्य पाळायला हवं. थोडक्यात हुकल्यानं माणूस जास्त वेळ खेळतो का, हे तपासणारे सगळे प्रयोग एकमतानं बोलत नाहीत. २०२० च्या आसपास झालेल्या काही बारकाईच्या चाचण्यांत तसा परिणाम दिसलाच नाही. मेंदूतला उजेड एक, आणि खिशातून पुढचं नाणं निघणं दुसरं. कुणी मेंदूचा रंगीत फोटो दाखवून सगळं सिद्ध झालं म्हणायला लागला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

तरी डोपामीनचा आणि जुगाराचा संबंध किती जवळचा आहे, हे दवाखान्यांनी दाखवलं, आणि तेही पुन्हा पार्किन्सनच्या वाटेनं. या आजारात डोपामीनची नक्कल करणारी औषधं देतात. २००३ साली अमेरिकेतल्या फीनिक्स शहरातल्या डॉक्टरांनी आपल्या १,८८४ रुग्णांच्या नोंदी चाळल्या. त्यांत नऊ जण जुगाराच्या आहारी गेलेले निघाले आणि त्यांतले आठ एकाच औषधावर होते, प्रामिपेक्सोल. नऊ हा आकडा छोटा वाटतो, पण तेव्हा कुणी रुग्णांना मुद्दाम विचारत नव्हतं. पुढे विचारायला लागल्यावर चित्र पालटलं: २०१० साली ३,०९० रुग्णांच्या पाहणीत पाच टक्के जणांना जुगाराचा त्रास होता. ज्यांनी आयुष्यभर पै-पै सांभाळली अशी म्हातारी माणसं गोळी सुरू झाल्यावर कॅसिनोत दिवस काढू लागली होती. औषध कमी केलं किंवा बदललं की बऱ्याच जणांचा नाद ओसरत होता. चारित्र्य, संस्कार, संगत या शब्दांत ज्याची आजवर उत्तरं शोधली गेली, त्यात मिलिग्रॅमचाही वाटा निघाला. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या निदानग्रंथात जुगाराच्या विकाराला दारू आणि अफूच्या शेजारी, व्यसनांच्या प्रकरणात बसवलं.

क्लार्क पुढे केंब्रिज सोडून व्हँकुव्हरला गेले, त्या तीन दिव्यांच्या पिंजऱ्याच्या शेजारी. तिथल्या जुगार संशोधन केंद्राच्या खोलीत कॅसिनोतली खरी स्लॉट मशिन आणून ठेवलेली आहेत. केंद्राला पैसा मिळतो प्रांताच्या सरकारकडून आणि प्रांताच्याच लॉटरी महामंडळाकडून. धंदा आणि प्रयोगशाळा यांची गाठ शेवटी अशी, एकाच ताळेबंदावर पडली.

२०१४ साली क्लार्क यांनी आणखी एक निबंध लिहिला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाकडे, पक्षाघातानं किंवा गाठीच्या शस्त्रक्रियेनं मेंदूचा ठरावीक भाग गमावलेल्या रुग्णांची जुनी यादी आहे. त्यांतल्या काहींचा इन्सुला निकामी झालेला होता, काहींचे दुसरे भाग. सगळ्यांना तेच दोन चाकांचं, सहा चित्रांचं यंत्र खेळायला दिलं. बाकीच्यांना, मेंदूचा दुसरा एखादा भाग गेलेला असूनही, थोडक्यात हुकल्यावर पुन्हा खेळावंसं वाटत होतं. इन्सुला गेलेल्यांना तसं काही वाटलं नाही. चाक फिरलं, त्यांचं चित्र एका घरानं पुढे गेलं, पडद्यावर प्रश्न आला: आणखी किती खेळावंसं वाटतं? त्यांनी दिलेलं उत्तर सपशेल हुकलेल्या डावानंतर दिलेल्या उत्तराएवढंच होतं.